सफरचंदाची ब्रँडी घरी करावी का?



ऑगस्ट ते नोव्हेंबर हे दिवस सफरचंदाचे. आधी हिमाचलची पेटी उतरते, मागोमाग काश्मीरची येते. बाजार उठायच्या वेळेला दबलेली, डागी फळं निम्म्या भावात मिळतात. या फळांचं काय करता येईल, हा विषय गटांच्या बैठकीत दरवर्षी निघतो. जॅम होतो, मुरंबा होतो, सुकवून फोडी होतात. या वर्षी मात्र दोन-तीन गटांतून एक नवाच प्रश्न आला. सफरचंद घरी आंबवून त्याची ब्रँडी करता येते का? मोबाईलवरच्या व्हिडिओत ते फार सोपं दिसतं म्हणे. एक काकू तर म्हणाल्या, "ब्रँडी म्हणजे काही दारू नव्हे बाई, ती औषधाची. लेकराला सर्दी झाली की चमचाभर देतातच की. मग घरची केली तर बिघडलं काय?"

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. त्यात फळ वाया जाऊ नये ही काळजी आहे, चार पैसे मिळावेत ही आशा आहे आणि घरातल्या बाळाच्या तब्येतीचाही विषय आहे. म्हणून आज सगळं नीट उलगडून बघू. फळ आंबतं म्हणजे काय होतं, ब्रँडी कशी तयार होते, ती आपल्या स्वयंपाकघरात का करायची नाही, आणि त्याच आंबलेल्या फळापासून कामाची वस्तू कोणती होते.

आंबणं म्हणजे काय?

आंबवण्याचं काम आपल्याला नवीन नाही. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं, दुधाला विरजण लावलं की दही होतं, नाचणीची आंबील होते. प्रत्येक ठिकाणी डोळ्यांना न दिसणारे जीव काम करत असतात. हे जीव सजीव आहेत आणि आंबणं हे त्यांचंच काम आहे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५७ नंतरच्या काळात प्रयोगांनी दाखवून दिलं. त्याआधी लोक हजारो वर्षं आंबवत होतेच, पण आत काय घडतं ते नक्की ठाऊक नव्हतं.

सफरचंदाच्या रसात हे काम यीस्ट करतं. पावाला लागतं तेच हे खमीर. त्याच्या काही जाती फळाच्या सालीवरही असतात. फळ चिरलं, किसलं की ते रसात उतरतं आणि रसातली साखर खायला लागतं. साखर खाऊन ते दोन गोष्टी बाहेर टाकतं. एक अल्कोहोल आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू. रस फसफसतो, वर फेस येतो, तो या वायूमुळे.

हा वायू किती निघतो याचा अंदाज असू द्या. शंभर ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर साधारण २५ लिटर वायू तयार होतो. एवढा वायू झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत कोंडला तर बाटली फुटणारच, आणि काचा घरभर उडतील. म्हणून आंबणाऱ्या रसाचं झाकण कधीही घट्ट लावायचं नाही. आजच्या बोलण्यातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

सफरचंदाच्या रसात साधारण दहा-अकरा टक्के साखर असते. ती सगळी आंबली की रसात पाच-सहा टक्के अल्कोहोल होतो. साखर संपली की यीस्टचं काम थांबतं, बुडबुडे थांबतात, गाळ खाली बसतो. इथवर गोष्ट एकच आहे. यापुढे मात्र तीन वाटा फुटतात.

तो रस तसाच गाळून बाटलीत भरला तर त्याला सायडर म्हणतात. ती सफरचंदाची हलकी दारू. तो रस भट्टीवर तापवून वाफ थंड केली तर ब्रँडी. आणि तो रस हवा लागेल असा उघड्या तोंडाच्या बरणीत राहू दिला तर आंबट व्हिनेगर, म्हणजे आपला शिरका. फळ एकच, सुरुवात एकच, पण तिन्ही वाटांचे परिणाम अगदी वेगवेगळे.

ब्रँडी जिथली, तिथली रीत

सफरचंदाच्या ब्रँडीचं माहेर म्हणजे फ्रान्सचा नॉर्मंडी हा भाग. तिथे द्राक्षापेक्षा सफरचंद जास्त पिकतं. तिथल्या ब्रँडीला कॅल्व्हाडोस म्हणतात. १५५३ साली तिथल्या एका जमीनदारानं आपल्या रोजनिशीत सायडरपासून दारू गाळण्याची नोंद केली होती, इतकी ती जुनी. १९४२ पासून कॅल्व्हाडोस या नावाला तिथल्या कायद्याचं संरक्षण आहे. सायडर आधी पूर्ण आंबवतात, मग तांब्याच्या मोठ्या यंत्रात तापवतात, आणि निघालेला अर्क ओकच्या लाकडी पिंपांत किमान दोन वर्षं मुरवतात.

आता ऐका. त्या नॉर्मंडीतसुद्धा शेतकरीण चुलीवर भांडं ठेवून ब्रँडी काढत बसत नसे. गावोगाव फिरणारं गाळण्याचं यंत्र असे. ते घेऊन जाणकार माणूस यायचा, शेतकरी आपलं सायडर त्याच्याकडे न्यायचे, आणि किती अर्क निघाला याचा हिशेब सरकारकडे जायचा. बाग असलेल्या शेतकऱ्यांना दहा लिटर शुद्ध अल्कोहोलपर्यंत कर माफ असे. पण हा हक्क मुलाबाळांकडे वारशानं जाणं सरकारनं १९६० साली बंद केलं. कारण घरोघरी दारू वाढली होती आणि तिचे परिणाम दिसत होते.

तिथल्या मुलांचं काय होत होतं तेही सांगते. त्या काळी फ्रान्समधल्या शाळांत जेवणाच्या वेळी लहान मुलांना वाइन किंवा सायडर मिळत असे. अंगात ताकद येते अशी समजूत होती. १९५४ साली पंतप्रधान पिअर मांदेस-फ्रांस यांच्या सरकारनं शाळांमधून मुलांना दूध द्यायला सुरुवात केली. ते स्वतः नॉर्मंडीतूनच निवडून आलेले. पुढे १९५६ मध्ये शाळेच्या जेवणात चौदा वर्षांखालच्या मुलांना दारू देणं बंद झालं. म्हणजे ब्रँडीच्या माहेरीसुद्धा लोकांना हे शिकावं लागलं की मुलांच्या वाट्याला दूध यावं, दारू नव्हे.

घरी का नाही?

पहिलं कारण कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं, ती विकणं, इतकंच काय, गाळण्यासाठी भट्टीचं साहित्य जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे. "आम्ही विकत नाही, घरापुरती करतो" म्हटल्यानं सुटका होत नाही. आणि गटानं असा उद्योग केला तर? आपण वर्षानुवर्षं शंभर-दोनशे रुपयांची बचत करून बँकेत पत कमावली आहे. पोलिसात गुन्हा नोंदला गेला तर पुढच्या कर्जासाठी कोणत्या तोंडानं जायचं? आपल्यातल्या कितीतरी जणींनी गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून आडव्या बाटलीला मत दिलं आहे. त्यांच्याच गटाच्या शेडमध्ये भट्टी लागली तर गाव काय म्हणेल, हे मी सांगायला नको.

दुसरं कारण आगीचं. अल्कोहोल सुमारे ७८ अंशांना उकळतो, पाणी शंभराला. या फरकावरच गाळण्याचं सगळं काम चालतं. अल्कोहोलची वाफ आधी निघते, ती थंड करून गोळा करायची. पण ही वाफ पेटणारी असते. नळी तुंबली किंवा सांधा सुटला की वाफ खोलीत पसरते, आणि खाली गॅस किंवा चूल पेटलेलीच असते. कुकरच्या शिट्टीला नळी लावून दाखवणाऱ्या व्हिडिओत हा धोका कुणी सांगत नाही.

तिसरं कारण विषाचं. इथे नीट लक्ष द्या, कारण याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. सफरचंदात पेक्टिन असतं. जॅम घट्ट होतो तो त्यामुळेच. फळ आंबताना हे पेक्टिन तुटतं आणि त्यातून थोडासा मिथेनॉल सुटतो. हा अल्कोहोलचा विषारी भाऊबंद. शरीरात गेला की त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं, माणूस आंधळा होतो किंवा दगावतो. नुसत्या आंबलेल्या रसात मिथेनॉल अगदी थोडा असतो. पण गाळताना बराचसा पाण्याचा भाग मागे राहतो आणि कमी अर्कात मिथेनॉलही एकवटतो.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. ती दारू फळांची नव्हती, तिच्यात मिथेनॉल होता. सफरचंदाच्या घरगुती अर्कात तेवढा मिथेनॉल येत नाही, हे खरं. पण मुद्दा असा की मिथेनॉल रंगावरून, वासावरून, चवीवरून ओळखता येत नाही. परवाना असलेल्या कारखान्यात प्रयोगशाळा असते, तपासणी होते. आपल्याकडे काय आहे? जीभ. आणि तिला ते कळत नाही.

आपल्याकडे "पहिल्या धारेची" म्हणून दारूचं कौतुक करतात. गाळण्याच्या कारखान्यात मात्र पहिली धार बाजूला काढून टाकतात, कारण तिच्यात उग्र आणि अपायकारक पदार्थ जास्त असतात. काही व्हिडिओत सांगतात की पहिली धार फेकली की मिथेनॉल गेला. तेही खरं नाही. तो पुढच्या धारेतही येत राहतो. शिवाय घरगुती यंत्रात शिसं असलेला डाख, जुन्या गाडीचा रेडिएटर, गंजका पत्रा असलं काहीबाही वापरतात. त्यातलं शिसं अर्कात उतरतं. ते वेगळंच विष.

चौथं कारण साध्या हिशेबाचं. दहा किलो सफरचंदांचा साधारण साडेसहा लिटर रस निघतो. त्यात सहा टक्के अल्कोहोल धरला तर शुद्ध अल्कोहोल झाला ३९० मिलिलिटर. ब्रँडीत तो ४० टक्के लागतो. म्हणजे सगळं जमून आलं तरी लिटरभराच्या आत. त्यातून पहिली आणि शेवटची धार वगळली की उरली पाऊण लिटरची एक बाटली. दहा किलो फळ, इंधन, दिवसभराचं काम, पोलिसांची भीती, आणि हातात काय तर एक बाटली, तीही विकता न येणारी. गटाच्या वहीत हा हिशेब मांडून बघा. तो कुठेच बसत नाही.

आणि लेकराला ब्रँडी?

आता त्या काकूंच्या प्रश्नाकडे वळू. ब्रँडी औषधाची, ही समजूत आपल्या घराघरात आहे. सर्दी झाली की चमचाभर पाण्यात घालून द्यायची, छातीला चोळायची, बाळंतिणीला द्यायची. हे करणाऱ्या आज्या-मावश्या मायेपोटीच करतात. त्यांना दोष द्यायचा नाही. पण आज आपल्याला जे माहीत आहे ते त्यांना सांगणं आपलं काम आहे.

ब्रँडी प्यायल्यावर गरम का वाटतं? अल्कोहोलनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त कातडीकडे येतं, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आतली उष्णता त्या वाटेनं बाहेर जात असते. म्हणजे थंडीत बाळ गरम होण्याऐवजी गार पडतं. लहान बाळाचं यकृत अजून तयार होत असतं, त्याला अल्कोहोल पचवता येत नाही. त्यानं रक्तातली साखर एकदम उतरू शकते, झटके येऊ शकतात, श्वास मंदावतो. बाळ शांत झोपलं असं आपल्याला वाटतं, पण ती झोप नसते, गुंगी असते. चोळलेली ब्रँडीसुद्धा नाजूक कातडीतून आत जाते आणि तिची वाफ श्वासात जाते. बाळंतिणीनं घेतली तर दुधातून बाळाकडे जाते. शिवाय दुकानात मिळणाऱ्या स्वस्त ब्रँडीत पुष्कळदा फळाचा अंशही थोडाच असतो, अल्कोहोल उसाच्या मळीपासून केलेला असतो. म्हणजे "फळाची आहे" हे समाधानही खरं नाही.

मग सर्दीला काय करायचं? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूध, थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा. अंगावर सुती कपड्यांचे थर, डोक्याला टोपी, आईच्या छातीशी ऊब. नाक चोंदलं असेल तर दवाखान्यातून किंवा औषधाच्या दुकानातून मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब, आशाताईंना विचारून. मोठ्या मुलांना कोमट पाणी, पेज, सूप.

आणि श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट छाती-पोटाकडे बघून मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असले, तर तो वेगानं चाललेला श्वास आहे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, तर घरगुती काहीही करत बसू नका. लगेच दवाखाना, गाडी नसेल तर १०८. हे न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी ब्रँडीच्या चमच्यात जो अर्धा दिवस जातो, तोच महाग पडतो.

तिसरी वाट: सफरचंदाचा शिरका

आता कामाच्या वाटेकडे येऊ. सफरचंदाचं व्हिनेगर बाजारात बरंच महाग मिळतं, आणि घरापुरतं करायला त्याला भट्टी लागत नाही, इंधन लागत नाही. लागतो तो धीर.

फळ निवडताना एक नियम पाळा. मार लागलेलं, दबलेलं, सुरकुतलेलं चालेल. तेवढा भाग काढून टाका. पण बुरशी आलेलं, आतून कुजलेलं फळ पूर्ण टाकून द्या. सफरचंदाच्या बुरशीत पॅटुलिन नावाचं विष तयार होतं, ते शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातही पसरलेलं असतं आणि उकळून भरवशानं जात नाही.

आता प्रमाण. एक किलो सफरचंदं, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, शंभर ग्रॅम साखर. सफरचंदं वाहत्या पाण्यात चोळून धुवा, बिया काढा, सालीसकट किसा. काचेची किंवा चांगल्या चकाकीची चिनी मातीची बरणी गरम पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून घ्या. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रस धातू खातो. किस, पाणी, साखर घालून ढवळा. बरणी वरून चार बोटं रिकामी ठेवा, फेसाला जागा लागते. तोंडावर स्वच्छ सुती फडकं दुहेरी करून नाडीनं बांधा. झाकण लावायचं नाही. चिलटं आत जाता कामा नयेत. आंबणं लवकर सुरू व्हावं असं वाटत असेल तर पावाचं कोरडं यीस्ट पाव चमचा घाला, नाही घातलं तरी चालतं.

पहिला आठवडा दिवसातून दोनदा स्वच्छ कोरड्या चमच्यानं ढवळा. किस वर तरंगतो, तो रसात दाबला नाही तर त्यावर बुरशी धरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फेस दिसेल. आठ-दहा दिवसांत बुडबुडे थांबतील. या टप्प्यावर बरणीत जे आहे त्यात अल्कोहोल आहे, हे लक्षात ठेवा. ते चाखत बसायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. इथे थांबून ते प्यायलं किंवा विकलं तर ती दारूच झाली. आपल्याला इथे थांबायचं नाही.

मग फडक्यातून गाळा, चोथा काढून टाका. गाळलेला रस रुंद तोंडाच्या बरणीत ओता, कारण आता हवा हवी आहे. दुसऱ्या टप्प्यात काम करणारे जीव वेगळे असतात. त्यांना अ‍ॅसिटोबॅक्टर म्हणतात. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात, म्हणजे शिरक्याचा आंबटपणा. दह्याला जसं विरजण, तसं इथेही विरजण लावता येतं. तळाशी गढूळ पदार्थ असलेलं, न तापवलेलं सफरचंदाचं व्हिनेगर मिळालं तर चार पेले रसाला एक पेला ते घाला. विरजण लावलं की आंबटपणा लवकर येतो आणि बुरशीला जागा मिळत नाही.

पुन्हा फडकं बांधा, बरणी उन्हापासून दूर, पण हवा खेळेल अशा कोपऱ्यात ठेवा. आता ढवळायचं नाही. काही दिवसांत वर एक पातळ, गुळगुळीत, सायीसारखा थर येईल. तो चांगला. इंग्रजीत त्याला व्हिनेगरची आई म्हणतात, आणि नाव चांगलं शोभतं, कारण पुढच्या प्रत्येक बरणीचं विरजण तिच्यातूनच मिळतं. थर मात्र केसाळ असेल, हिरवा, काळा किंवा गुलाबी असेल, तर ती बुरशी. वरवर काढून उरलेलं वापरायचा मोह नको, सगळं टाका. आपल्या हवेत चार ते आठ आठवडे लागतात. दारूचा वास पूर्ण गेला, नाकाला झिणझिण्या आणणारा आंबट वास आला की शिरका झाला. मग गाळून, बाटली गळ्यापर्यंत भरून, घट्ट झाकण लावा. आता झाकण लावायचं, कारण आता हवा नको.

वापरताना काय पाळायचं

कोशिंबिरीत, चटणीत, चायनीज भाजीत चमचा-दोन चमचे घाला. पण वर्षभराच्या लोणच्यात घालू नका. त्या लोणच्याचं टिकणं आंबटपणाच्या ठरावीक प्रमाणावर अवलंबून असतं, आणि घरच्या शिरक्यात ते प्रमाण दरवेळी वेगळं येतं.

सकाळी उपाशीपोटी शिरका प्यायला की वजन उतरतं, साखर जाते, असंही फिरतं आहे. नुसता शिरका कधीही पिऊ नका. घसा आणि अन्ननलिका भाजते, दातांवरचं कवच झिजतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेण्याचा नेम लावू नका, आणि गोळी तर अजिबात बंद करू नका. चेहऱ्यालाही नुसता लावायचा नाही, कातडी भाजते. शिरका स्वयंपाकातली वस्तू आहे, तिला तिथेच राहू द्या. ब्रँडीला औषध म्हणण्याची चूक सोडायची आणि शिरक्याला औषध म्हणायला लागायचं, असं नको.

गटानं विकायचं असेल तर

घरापुरती एक बरणी करणं वेगळं आणि लेबल लावून विकणं वेगळं. विक्रीसाठी अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. आंबवून केलेल्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक ॲसिड किमान पावणेचार टक्के असावं असा नियम आहे, आणि ते प्रयोगशाळेतच मोजून मिळतं. मधल्या टप्प्यावर अल्कोहोल तयार होतो, म्हणून मोठ्या प्रमाणावर सुरू करण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आपण काय करणार आहोत ते लेखी विचारून उत्तर जपून ठेवा. हा खटाटोप आत्ता नको वाटत असेल तर डागी फळांचा जॅम, चटणी आणि वाळवलेल्या फोडी हे मार्ग आहेतच. त्यांनाही नोंदणी लागते, पण आंबवण्याची भानगड नाही.

एक सूचना. पुढच्या बैठकीत पाच जणींनी मिळून एकच बरणी घाला. तिच्यावर तारीख लिहा. रोज कोण ढवळणार ते ठरवा, आणि वहीत लिहून ठेवा: फेस कधी आला, कधी थांबला, साय कधी धरली, वास कसा होता. दोन महिन्यांनी ती वही तुमच्या गटाची स्वतःची माहिती असेल, कुणाच्या व्हिडिओवर अवलंबून नसलेली. आणि त्याच बैठकीत दहा मिनिटं काढून आशाताईंकडून बाळाचे श्वास मोजायला प्रत्येकीनं शिकून घ्या. थंडी आता तोंडावर आली आहे.

पुढच्या वेळी वाळवलेल्या फळांविषयी बोलू. तोवर नमस्कार.